जाळं ओढून कंबर गेली, धंदा सोडू का?

प्रश्न : माझं वय ४१. हतनूर धरणाच्या बॅकवॉटरला, तापी-पूर्णेच्या संगमाच्या अंगाला, मच्छीमार संस्थेमार्फत मासेमारी करतो. फायबरची लहान होडी आहे, जोडीला पुतण्या. सांजेला जाळी टाकतो, पहाटे चारला उठून काढतो. जाळं मी ओढतो, वल्हं त्याच्याकडे. दोन वर्षांपासून कंबर धरते. तीन महिने झाले, उजव्या मांडीच्या मागून पोटरीपर्यंत कळ उतरते. रात्री उजव्या हाताला मुंग्या येतात, हात झटकला की थांबतात. एक्स-रे काढला. ‘मणक्यात गॅप आहे, हा धंदा सोडा’ असं सांगितलं. सोडून खाऊ काय? पट्टा बांधतो, फारच दुखलं की इंजेक्शन घेतो, दोन दिवस बरे जातात. घरची बाजारात मासे विकते, तिची मान आणि गुडघे दुखतात. उपाय सांगा.

उत्तर : भाऊ, पत्रावरून तरी धंदा सोडायची वेळ आलेली दिसत नाही. जाळं ज्या पद्धतीनं वर येतंय ती पद्धत मात्र सोडावी लागेल. त्याआधी एक तपासणी आजच घरी करून बघा. चवडे उचलून नुसत्या टाचांवर १० पावलं चाला. मग भिंतीला बोट लावून एका पायावर उभे राहा आणि टाच १० वेळा वर उचला. आधी डावा पाय, मग उजवा. उजवा चवडा खाली पडत असेल किंवा उजवी टाच तीन-चार वेळातच थकत असेल, तर नस नुसती दुखत नाही, तिची ताकद जायला लागली आहे. मग याच आठवड्यात अस्थिरोगतज्ज्ञ गाठा. लघवी अडकली, नकळत होऊ लागली, शौचावरचा ताबा गेला किंवा बैठकीची जागा बधिर झाली, तर रात्र असली तरी थांबायचं नाही; त्याच दिवशी मोठं रुग्णालय. तिथं एक-दोन दिवसांच्या उशिरानंही कायमचं नुकसान होतं. संध्याकाळी ताप, घटतं वजन आणि आडवं पडूनही न थांबणारी पाठदुखी असेल, तर मणक्याचा क्षय आहे का हे तपासून घ्यावं. यातलं काही नसेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

‘गॅप’ या शब्दानं आपल्याकडे फार माणसं घाबरवली आहेत. मणक्यात गॅप पडत नसतो. दोन मणक्यांमध्ये गादी असते, ती वयानं आणि वापरानं चपटी होते आणि मधली जागा उलट कमी होते. एक्स-रेत दिसते ती ही कमी झालेली जागा. गादी किंवा नस एक्स-रेत दिसतच नाही. चाळिशीतल्या अनेकांच्या चित्रात असा बदल सापडतो आणि त्यांतल्या पुष्कळांना काही दुखत नसतं. तुमची पोटरीपर्यंत जाणारी कळ ही बहुधा गादीचा फुगलेला भाग नसेला लागत असल्याची खूण आहे. अशा दुखण्यातली बहुतेक माणसं ६ ते १२ आठवड्यांत शस्त्रक्रियेविना सुधारतात. तुमचे तीन महिने झाले तरी कळ आहे, कारण खपली धरण्याआधी रोज पहाटे ती पुन्हा खरवडली जाते.

कशानं, ते नीट समजून घ्या, कारण उपाय त्यातच आहे. पाठीचा कणा हा तराजूचा मधला काटा धरा. पाठीचे स्नायू त्याच्या मागं जेमतेम ५-६ सेंटीमीटरवर असतात. हातातलं ओझं पुढं, होडीच्या काठाबाहेर वाकलेलं असताना ५० सेंटीमीटरवर असतं. एका बाजूला दांडी पाचाची, दुसऱ्या बाजूला पन्नासाची. म्हणजे ओलं जाळं हाताला १० किलो ओढत असेल, तर पाठीच्या स्नायूंना ८०-१०० किलोच्या जोरानं उलट ओढावं लागतं. वर तुमचं स्वतःचं धड पुढं झुकलेलं, त्याचं वजन वेगळंच. हा सगळा दाब गादीवर येतो.

अमेरिकेतल्या नायोश या सरकारी संस्थेनं ओझं उचलण्याचं एक सूत्र १९९१ साली सुधारून मांडलं. त्याचा हिशोब इथं लावून बघू. ओझं अंगाला चिकटलेलं, साधारण कमरेच्या उंचीवर, अंग न वळवता, अधूनमधून उचलायचं असेल, तर मर्यादा २३ किलो. तेच अंगापासून ५० सेंटीमीटरवर धरलं की मर्यादा निम्मी, साडेअकरा. ते तळातून उचलायचं असेल तर ९. तिथून कमरेपर्यंत आणायचं तर ८. आणि उचलताना कंबर ४५ अंश वळवली की उरतात पावणेसात किलो. होडीतून कॅरेट काठावर देताना आपण नेमकं हेच करतो. हे सूत्रसुद्धा कोरड्या, स्थिर जमिनीसाठी आहे. हलत्या, ओल्या होडीत मर्यादा आणखी खाली येते. आता तेच कॅरेट दीड फुटाच्या उंचवट्यावर ठेवा, पोटाशी घ्या आणि कंबर वळवण्याऐवजी पाय वळवा. मर्यादा येते २० किलो. माणूस तोच, कंबर तीच.

म्हणून ‘किती उचलू’ याआधी ओझं अंगापासून किती लांब, किती खाली आणि वळून की सरळ, हे तीन प्रश्न विचारायचे.

सुरुवात पहाटेपासून करू. रात्रभर आडवं पडल्यावर गादी पाणी शोषून फुगते. उठल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या-एक तासात ती टम्म असते आणि वाकताना तिच्यावरचा ताण दिवसातला सर्वांत जास्त असतो. चारला उठून सव्वाचारला वाकून जाळं ओढणं ही कंबरेसाठी सगळ्यांत वाईट वेळ. उठल्यावर किमान अर्धा तास वाकायचं नाही. चहा आणि काठापर्यंतची चाल यात तो वेळ जाऊ द्या. होडीतलं पाणी उपसणं पुतण्याकडे; पहिलं वल्हं हवं तर तुम्ही घ्या, पण पहिलं जाळं त्यानं ओढायचं. हिवाळ्यात खानदेशात पहाटेचा पारा ८-१० अंशांवर उतरतो, तेव्हा हात आखडलेले असतात आणि आखडलेला हात गरजेपेक्षा जास्त आवळून धरतो. थर्मासमध्ये गरम पाणी न्या, पिण्यासाठी आणि बोटं शेकण्यासाठी.

मग जाळं. सध्या तुम्ही बहुधा होडीच्या लांबीच्या काठावर बसून, कंबर वळवून, काठाबाहेर वाकून ओढत असाल. फायबरचा काठ ओल्या जाळ्याला धरतो, त्यामुळं जाळ्याच्या वजनापेक्षा घासण्याचाच जोर अधिक लागतो. त्यासाठी होडीवर फिरता रूळ बसवा. जळगाव जिल्ह्यात पीव्हीसी पाइपाचा तुकडा मिळाला नाही असं होणार नाही. ११० मिलिमीटरचा, म्हणजे चार इंची, दीड ते दोन फूट लांबीचा जाड तुकडा घ्या. दोन्ही तोंडांना टोपणं चिकटवून मधोमध भोक पाडा, त्यातून अर्ध्या इंची जीआय पाइप आरपार घाला आणि दोन्ही टोकं लोखंडी पट्टीच्या कानांत बसवा. कान होडीला नट-बोल्टनं आवळा.

यात चुकतं कुठं? कान नुसत्या स्क्रूनं फायबरला बसवले की आठवडाभरात फायबर फाटतं; आतून लाकडी फळी आणि मोठे वॉशर लावा. रुळाचं टोक आणि कान यांच्या फटीत जाळं शिरून अडकतं, त्यासाठी दोन्ही टोकांना रुळापेक्षा इंचभर मोठी चकती हवी. स्क्रूचं डोकं, पाइपाची धार, वेल्डिंगचा खडबडीतपणा, सगळं कानशीनं घासून अंगठ्याला गुळगुळीत लागेपर्यंत साफ करायचं, नाहीतर नायलॉनचे धागे तुटतील आणि रुळाला शिव्या बसतील. गाळ बसून रूळ फिरेनासा होतो, तो रोज बादलीभर पाण्यानं धुवायचा. ग्रीस नको, जाळं माखतं. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे लहान अरुंद होडीला रूळ बाजूच्या काठावर नको, पुढच्या टोकाला, नाळेवर बसवा. बाजूनं ओढताना होडी कलते आणि तोल सांभाळायला कंबर आणखी पिळते. नाळेवरून ओढलं की होडी जाळ्याच्या रेषेत राहते आणि तुम्ही सरळ समोर तोंड करून काम करता. रूळ बसवल्यावर पहिल्यांदा काठालगतच्या उथळ पाण्यात चालवून बघा. होडीचं नाक किती दबतं ते कळेल.

बसायची उंचीही बदला. तळात उकिडवं बसून ओढू नका. गुडघ्याच्या उंचीची, सव्वा ते दीड फुटाची आडवी फळी नाळेच्या मागं बसवा, पाय पुढच्या फासळीला टेकवा आणि ओढताना पायांनी रेटा द्या. हात नुसते आकड्यासारखे, जोर मांड्यांचा. ओढ बेंबी ते छाती यांच्यामध्ये राहिली पाहिजे. खांद्याच्या वर हात गेले की खांद्याच्या आतली शीर हाडाखाली घासते, आणि कंबरेनंतर जाळं ओढणाऱ्याचा खांदाच पकडतो.

पुतण्याला एक गोष्ट शिकवा. जाळं ओढणाऱ्यानं होडी ओढायची नसते. वल्हं ढिलं पडलं आणि वारा समोरचा असला की तुम्ही जाळ्याच्या आधारानं अख्खी होडी वाऱ्यावर खेचता. वल्हेकऱ्यानं होडी हळूहळू जाळ्यावर नेत राहायची, म्हणजे जाळं जवळजवळ उभं वर येईल आणि हाताला फक्त त्याचं वजन लागेल. दोरी ताठ दिसली की त्यानं दोन वल्ही मारायची. ताठ दोरी ही त्याची चूक, तुमची कमजोरी नव्हे. आणि काम आलटून-पालटून करा. दिवसाआड नको, प्रत्येक जाळ्याला बदला. एकच स्नायू दोन तास राबण्यापेक्षा वीस-वीस मिनिटं राबला तर त्याला मध्ये सावरायला वेळ मिळतो. पुतण्या तरुण आहे म्हणून सगळं ओढणं त्याच्या अंगावर टाकू नका, नाहीतर दहा वर्षांनी असंच पत्र त्याचं येईल. प्रत्येक जाळं संपलं की दोघांनी फळीवर बसूनच कंबरेवर हात ठेवून पाठ मागं वाकवायची, ५-६ वेळा. हलत्या होडीत उभं राहून नको.

मासे सोडवायचं काम होडीतच करायचं की काठावर, याला एकच उत्तर नाही. जाळं माशांसकट टपात घेऊन काठावर आणलं, तर दोन खांबांवर साडेतीन फुटांवर आडवा बांबू बांधून, जाळं त्यावर टाकून, उभ्यानं ताठ मानेनं मासे सोडवता येतात. कंबरेला हे फार मानवतं. पण एप्रिल-मेमध्ये खानदेशच्या उन्हात उशीर झाला तर माल उतरतो. तेव्हा हिवाळ्यात काठावर सोडवा. उन्हाळ्यात होडीत सोडवून थेट बर्फात टाका, मात्र टप मांडीच्या उंचीला आणा, पायाशी नको. कल्ल्यात अडकलेला धागा बोटांच्या चिमटीनं ओढण्याऐवजी बोथट आकडीनं सोडवा. अंगठ्याच्या मुळाशी होणारं दुखणं या चिमटीनंच येतं.

आता हाताच्या मुंग्या. आज रात्री झोप मोडली की कोणती बोटं बधिर आहेत ते बघा. अंगठा, पहिली दोन बोटं आणि अनामिकेची अर्धी बाजू असेल, करंगळी सुटलेली असेल, तर मनगटातल्या बोगद्यात नस दाबली जाते आहे. दोन्ही हातांचे पालथे पंजे एकमेकांना टेकवून, बोटं खाली करून, एक मिनिट धरा. मुंग्या वाढल्या तर शंका पक्की. करंगळीही बधिर असेल तर नस कोपरात किंवा मानेत दाबली जात असू शकते, तो वेगळा हिशोब. मनगट वाकवून ओली, बारीक दोरी जोरात आवळणं हे याचं मूळ. रूळ लागला की बराच जोर कमी होईल. दोरी पंजाला गुंडाळून ओढायची सवय असेल तर आजपासून बंद. नस दाबली जाते ते वेगळंच, जाळं कशात अडकून होडी सरकली तर माणूस दोरीसकट पाण्यात जातो. तळव्याला रबराचा थर असलेले, बोटाला घट्ट बसणारे पातळ हातमोजे वापरा. जाड, ढिले मोजे घातले की पकडायला उलट जास्त जोर लागतो. रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी मेडिकलमध्ये मिळते, ती ६ आठवडे रोज झोपताना बांधा. झोपेत मनगट मुडपलं जातं, म्हणून तर रात्रीच मुंग्या येतात. साखर आणि थायरॉईड एकदा तपासून घ्या, दोन्हींमुळं हा त्रास वाढतो. अंगठ्याखालचा मांसल उंचवटा चपटा व्हायला लागला असेल तर पट्टीवर वेळ घालवू नका. तिथं छोट्या शस्त्रक्रियेनं नस मोकळी करतात आणि उशीर झाला तर ताकद परत येत नाही.

काठापासून गाडीपर्यंतचा टप्पा पत्रात लिहिला नाहीत, पण तो विसरून चालणार नाही. पाणी उतरत जातं तशी उन्हाळ्यात ही वाट लांबते आणि गाळाची होते. उन्हात माशाइतकाच बर्फ लागतो, म्हणजे २० किलो माशांचं कॅरेट प्रत्यक्षात ४० किलोचं. कॅरेट अर्धं भरा, १० किलो मासे आणि १० किलो बर्फ. खेपा दुप्पट होतील, वेळ थोडा जास्त जाईल, पण गाळात पाय घसरताना हातात २० किलो असणं आणि ४० असणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. अंदाजानं बोलू नका. मासे तोलायचा टांगता काटा आहेच, ओलं जाळं आणि भरलेलं कॅरेट एकदा त्यावर लावा. दोघं असाल तर कॅरेट बांबूला मधोमध टांगून न्या. एकटे असाल तर कावड. भोई समाजानं पिढ्यान्‌पिढ्या पालखी वाहिली, खांद्यावरचा तोल त्यांना कुणी शिकवायची गरज नाही, तरी दोन गोष्टी लक्षात असू द्या : दोन्ही बाजू सारख्या वजनाच्या, आणि दोरी आखूड, म्हणजे ओझं झुलणार नाही. खांद्याखाली केळीच्या वाळक्या सोपटांची गादी करा आणि खांदा बदलत राहा. उताराला गोण्यांत माती भरून पायऱ्या रचा, फूटभर खोल आणि सहा इंच उंच. संस्थेच्या सगळ्यांनी मिळून एक दिवस दिला तर हंगामभर पुरतात.

व्यायाम दोनच सांगतो, पण रोज. पालथे पडा, कोपरांवर छाती उचलून २-३ मिनिटं थांबा. झेपलं तर तळहात टेकवून, कंबर जमिनीवरच ठेवून, छाती १० वेळा वर उचला. दिवसातून चार-पाच वेळा. करताना पोटरीतली कळ वर सरकून कंबरेत आली, तर कंबर जास्त दुखली तरी ती चांगली खूण, चालू ठेवा. कळ पायात आणखी खाली गेली तर तो व्यायाम तुमचा नाही, लगेच थांबवा. दुसरा : उताणे पडून गुडघे मुडपा आणि कंबर उचलून ५ मोजेपर्यंत धरा, १० वेळा. जाळं पायांच्या जोरावर ओढायचं तर नितंबात ताकद हवी. एक-दोन दिवसांपेक्षा जास्त अंथरुणाला खिळून राहू नका, स्नायू सुटतात. तेलाची मालिश चालेल. पायात कळ असताना पाठीवर पाय देऊन तुडवून घेणं किंवा कडकड मोडून घेणं नको.

पट्ट्याचं म्हणाल, तर फारच धरलं असेल तेव्हा चार-सहा दिवस बांधा. रोज पट्टा बांधून जाळं ओढल्यानं कंबर वाचते, असा पुरावा नाही. नायोशनं १९९४ सालीच धडधाकट कामगारांना पट्टा वापरण्याची शिफारस करायला नकार दिला. पट्ट्यानं एक खोटा धीर येतो आणि माणूस दहा किलो जास्त उचलतो.

इंजेक्शनाची मात्र काळजी वाटते. पहिलं कारण, त्यात काय होतं ते तुम्हाला माहीत नाही. स्टिरॉइड असेल आणि वारंवार घेतलं जात असेल, तर साखर चढते, हाडं ठिसूळ होतात, खुब्याचं हाड कुजू शकतं. दुसरं, कुल्ल्यावर चुकीच्या जागी सुई गेली तर पायाची मोठी नसच जायबंदी होते. तिसरं तुमच्या कामाशी जुळलेलं आहे : डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामक औषधं उन्हात पाणी कमी पडलेल्या शरीरात मूत्रपिंडाला थेट दुखापत करू शकतात. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या आसपास असताना चार तास होडीत बसून ही सुई घेणं धोक्याचं. औषधाचं नाव लिहून मागा. लिहून न देणाऱ्याकडं जाऊ नका. दुखलंच तर पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम, दिवसात ६ गोळ्यांच्या वर नको, आणि दारू घेत असाल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय तीही नको. खांदा, गुडघा अशा जागी लावायची डायक्लोफिनॅकची जेल पोटातल्या गोळीपेक्षा सुरक्षित. होडीत पाण्याचा कॅन हवाच. घामाच्या दिवसात १ लिटर पाण्यात ६ चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून न्या. बिडी ओढत असाल तर कमी करा, गादीला रक्तातून मिळणारं पोषण तिनं घटतं. दुखणं विसरायला घोटभर घेऊन होडीत बसणाऱ्यांना काय सांगावं? पोहता येणारेही असेच बुडतात.

वहिनींसाठी. डोक्यावरच्या पाटीचा सगळ्यांत वाईट क्षण म्हणजे ती एकटीनं उचलून डोक्यावर घेणं आणि उतरवणं. दोन माणसांनी उचलून द्या, उतरवायलाही कुणाला तरी हाक मारायची. बाजारात जमिनीवर उकिडवं बसून खाली मान घालून कापणं हे मान आणि गुडघे दोन्हींच्या दुखण्याचं कारण. सव्वा फुटाचं स्टूल आणि समोर पावणेदोन-दोन फुटांचा लाकडी ओंडका, एवढ्यानं मान वर येते आणि गुडघे उघडतात. काटा, पिशव्या, पाण्याचा डबा हाताच्या टप्प्यात, वाकून घ्यावं लागेल असं काही नको. कोयता रोज धार लावलेला हवा. बोथट पात्याला जास्त जोर लागतो आणि तो मनगट-खांद्यातून जातो. घरी खुर्चीवर बसून एक पाय सरळ करून १० मोजेपर्यंत धरायचा, प्रत्येक पाय १० वेळा, सकाळ-संध्याकाळ. गुडघा सुजलेला, गरम असेल तर आधी दाखवा.

जाळी दुरुस्तीही धरा. मांडी घालून, मान खाली घालून दोन-तीन तास सुई चालवण्यापेक्षा जाळं खुंटीला किंवा उभ्या केलेल्या बाजेला छातीच्या उंचीवर टांगा आणि स्टुलावर बसून विणा.

एक गोष्ट नंदुरबार-धुळ्याकडच्या वाचकांसाठी, उकाईच्या आणि नर्मदेच्या बॅकवॉटरला मासे धरणाऱ्यांसाठी, तसंच चोपडा-यावल-रावेरच्या सातपुड्याकडच्यांसाठी. या पट्ट्यातल्या आदिवासी समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. थंड पाणी, उपाशीपोटी कष्ट, कमी पाणी पिणं या तिन्हींनी त्याची कळ उठते आणि ती हाडांत, पाठीत, सांध्यांत असते. लोक तिला कामाचा ठणका समजतात. लहानपणापासून अशा कळा येत असतील, डोळे पिवळसर दिसत असतील किंवा तरुण वयात खुबा दुखत असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्ताची साधी चाचणी करून घ्या. आणि पावसाळ्यात पाण्यात काम केल्यावर एकाएकी ताप, पोटऱ्या दाबल्या तरी दुखणं, डोळे लाल, असं झालं तर मालिश करत बसू नका. लेप्टो, म्हणजे उंदरांच्या लघवीनं दूषित पाण्यातून होणारा ताप असू शकतो, त्याच दिवशी डॉक्टर.

उपचार कुठं? प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयात १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी-औषध मोफत आहे. पुढं लागलं तर जळगाव, धुळे, नंदुरबार इथं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. जाताना कागदावर माणसाची पाठमोरी आकृती काढा, कुठं दुखतं तिथं खुणा करा, शेजारी लिहा : गेल्या ७ दिवसांत किती, गेल्या १२ महिन्यांत किती, कामाचे किती दिवस बुडाले. १९८७ साली उत्तर युरोपातल्या नॉर्डिक देशांत कामगारांसाठी अशीच प्रश्नावली बनली आणि मच्छीमारांच्या अंगदुखीची पाहणी करताना आजही ती वापरतात. डॉक्टरला दोन मिनिटांत चित्र कळतं. विम्याबद्दल एक गैरसमज दूर करा. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेतल्या सामूहिक विम्यात अपघाती मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाला ५ लाख, कायमच्या अंशतः अपंगत्वाला अडीच लाख आणि अपघातानं रुग्णालयात भरती झाल्यास २५ हजारांपर्यंत अशी रक्कम आहे, पण तो अपघाताचा विमा आहे. वर्षानुवर्षं झिजलेल्या कंबरेला त्यातून काही मिळत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा मासेमारीवरचा १८८ क्रमांकाचा करार २००७ सालचा; त्यात नदी-तलावातली धंद्याची मासेमारीही धरली आहे. करार कागदावर असतो, जाळं हातात. तेव्हा रूळ, फळी, पायऱ्या यांचा खर्च संस्थेच्या बैठकीत मांडा. एका होडीवर जमलं की बाकीचे बघायला येतीलच.

पुढचे सहा आठवडे असे घालवा. पहिल्या दोन आठवड्यांत निम्मीच जाळी टाका, ओढणं पुतण्याकडे जास्त, तुमच्याकडे वल्हं. वल्ह्यानंही कळ उतरली तर तेही थांबवा. तिसऱ्या आठवड्यापासून रूळ आणि फळीसह दर तिसरं जाळं तुम्ही ओढा. पाचव्यापासून बरोबरीनं. पावसाळ्यात मासेमारी बंद राहून पुन्हा सुरू होते तेव्हाही हाच क्रम पाळा. दोन महिने आराम झालेली पाठ पहिल्या आठवड्यातच पूर्ण जाळी ओढते आणि तिथंच धरते. सहा आठवड्यांनी कळ पोटरीतून मांडीत, मांडीतून कंबरेत आली असेल तर वाट बरोबर आहे. जिथल्या तिथं असेल तर एमआरआयचा विचार डॉक्टरच्या सल्ल्यानं करा, आणि टाचांवर चालण्याची ती परीक्षा दर रविवारी देत राहा.